डावीकडं उसळतो

"डावीकडं उसळतो," संगमेश्वर म्हणाला.

"कुणाच्या डावीकडं?"

"तुज्या. गोलात उभा हायस ना, तुज्या."

इंद्रजितनं बुटाच्या टाचेनं जमीन दाबून पाहिली. पेनल्टीच्या ठिपक्याच्या जरा अलीकडं. उसाच्या ट्रॉल्या हंगामभर मैदानाच्या या कोपऱ्यातून आडव्या जातात. मुरूम टाकला, रोलर फिरवला, तरी चाकोरी आत राहतेच. वरून काही दिसत नाही. बॉलला कळतं.

"भावा, खरं सांगालायस न्हवं?"

"खोटं सांगून मला काय भेटणार बे?"

काय भेटणार, ते दोघांनाही माहीत होतं.

माजलगावचा क्लब गेल्या हंगामात वरच्या गटात चढला तेव्हा या गोलात संगमेश्वर उभा होता. यंदा कोल्हापूरहून पाच नवी पोरं आणली. त्यातला इंद्रजित गोलात आला, संगमेश्वर बाकावर गेला. राधाकिशन सरांनी नियमच केला: ज्याची जागा नव्याला दिली, त्यानंच नव्याला मैदान समजावून द्यायचं. एकी अशीच होते, सर म्हणाले. आणि कुणी खोडा घातला तर त्याची जर्सी जागेवर उतरवून घेईन, हेही म्हणाले.

वरच्या गटातला पहिला सामना. शिट्टी.

पूर्वार्ध संपत आला होता. समोरच्या संघातल्या एका पोरानं लांबून साधा, दमलेला फटका मारला. बॉल टप्पे खात आला. इतका हळू, की इंद्रजितला विचार करायला वेळ मिळाला. तेच वाईट झालं.

डावीकडं म्हणाला. डावीकडं म्हणाला म्हणजे

तो उजवीकडं झेपावला.

हा गोल कुणी कसा पाहिला:

इंद्रजितनं, जमिनीवर पडल्या पडल्या. बॉल डावीकडून गेला आणि त्यानं डोळे मिटले.

राधाकिशन सरांनी पाहिलाच नाही. ते बाकाकडं बघत होते.

संगमेश्वरनं, ताडकन उभं राहून. त्याच्या तोंडून "अरे" निघालं. फक्त "अरे". शेजारी बसलेल्यांना ते हसणं वाटलं.

मध्यंतर. जुनी पोरं टाकीच्या सावलीला. नवी पोरं गोलाच्या जाळीमागं. मधे पाण्याचा जार, त्याच्याजवळ कुणीच नाही.

कॅप्टन अभिमन्यू संगमेश्वरच्या कानाशी आला. "लई भारी, संग्या. बरोबर उलटं सांगितलंस."

"खरं सांगितलं मी."

"हां, हां. सर विचारतील तवा असाच चेहरा ठेव."

"अभ्या, आईच्यान खरं सांगितलं."

अभिमन्यूचं हसू गेलं. "मग कावून सांगितलंस?"

तेवढ्यात सरांनी दोघा गोलकीपरांना हाक मारली. जुने उठले. नवेही उठले. जवळ आले, पण आपापल्या बाजूनं.

"इंद्रजित, जागा दाखवली होती का यानं?"

"व्हय सर."

"कुठं उसळतो म्हणाला?"

उजवीकडं. एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं.

"डावीकडं म्हणाला, सर. बरोबर सांगितलं त्यानं. मलाच त्याचा भरवसा वाटला न्हाई."

सरांनी इंद्रजितच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"बघा. बघा रे सगळे. पोराला येऊन आठवडा झाला न्हाई, अन् आपल्या माणसाला कसा झाकायलाय. याला म्हणतात एकी!"

"सर, मी झाकत न्हाई, खरंच त्यानं..."

"पुरे. लई चांगला हायस तू."

एकानं टाळी वाजवली. मग नव्यांनी. मग जुन्यांनीही. नवी पोरं आल्यापासून पहिल्यांदा सगळ्यांनी मिळून काहीतरी केलं.

सर संगमेश्वरकडं वळले. "जर्सी."

"सर, तो काय म्हणला ते ऐकलं न्हाई का तुमी?"

"ऐकलं. म्हणूनच जास्त लाज वाटायलीय तुजी. काढ."

संगमेश्वरनं जर्सी डोक्यावरून ओढली. आत बनियन होतं, घामानं चिकटलेलं. जर्सी घेतलेला सरांचा हात जरा वेळ तसाच राहिला, कुठं ठेवावी ते कळेना. मग त्यांनी ती बाकावर टाकली, त्याच्याच जागेवर.

आता गोल बदलायचे होते. इंद्रजित हातमोजे चढवत संगमेश्वरजवळ आला.

"मी खरं तेच सांगितलं, भावा."

"ऐकलं मी."

"पलीकडच्या गोलात कुठं उसळतो?"

"तिथं चाकोरी न्हाई. बॉल सरळ येतो."

इंद्रजितनं मान हलवली. निघाला. थोडं जाऊन थांबला. मघाशी या माणसाला खोटं बोलायला कारण होतं आणि तो खरं बोलला. आता तर

तो वळून अभिमन्यूकडं गेला. त्याला तेच विचारलं.

अभिमन्यूनं आधी बनियनवर उभ्या असलेल्या संगमेश्वरकडं पाहिलं. मग इंद्रजितच्या गळ्यात हात टाकला आणि त्याला तसंच पलीकडच्या गोलाकडं चालवत नेलं. सर कौतुकानं बघत राहिले.

एवढ्या लांबून संगमेश्वरला शब्द ऐकू येत नव्हते. अभिमन्यूचा मोकळा हात दिसत होता. ठिपक्याच्या जरा अलीकडं जमिनीवर बोट रोखून तो नीट, सावकाश, उजवीकडं दाखवत होता.