हरकत

बंद गिरणीच्या ओसाड जागेवर महापालिका नाल्याकाठच्या लोकांसाठी घरं बांधणार होती. सुनावणीत शेजारच्या कॉलनीतर्फे निवृत्त मुख्याध्यापक उपळेकर तावातावाने बोलले, "कोण कुठली माणसं येणार, आम्हाला काय माहीत!"

अभियंता सुषमा खोत म्हणाल्या, "सर, ती माणसं इथेच बसली आहेत."

उपळेकरांच्या घरी कित्येक वर्षं स्वयंपाक करणाऱ्या कौसल्याबाई मागच्या रांगेतून उठल्या. "मी येणार आहे, सर," त्या चाचरत म्हणाल्या. "दर पावसाळ्यात आमच्या घरात गुडघाभर पाणी शिरतं."

इतकी वर्षं उपळेकरांनी बाई कुठे राहतात हे विचारलंच नव्हतं.

"मी हरकत मागे घेतो," ते खोतांना म्हणाले. मग कौसल्याबाईंकडे वळले. "बाई, नवं घर मिळेपर्यंत पावसाळ्यात आमच्या माडीवर राहायला या. सगळेजण."