पुलावरची वटवाघळं

तंत्रज्ञानामुळे आता माणसाच्या आयुष्यातला कोणताही क्षण वाया जात नाही. थोरल्याने हे वाक्य आईला ऐकवलं आणि तिच्या नुकत्याच संपलेल्या डावाचं रेकॉर्डिंग पुसून टाकलं.

"पुन्हा खेळ," तो म्हणाला. "पुलावर चित्र अडखळतंय."

आईने बोटं चोळली. सांधे आखडत चालले होते आणि ते सुटतील असं डॉक्टर आता म्हणत नव्हते. म्हणून तर हा खटाटोप. पूर्वी मुलं शाळेत गेली की ही बाई त्यांचाच व्हिडिओगेम काढून बसायची आणि कंदीलवाल्या म्हाताऱ्याला डोंगरापलीकडे त्याच्या घरी पोचवायची. थोरल्याला वाटेतला तो पूल जन्मात कधी ओलांडता आला नाही. आईचा हात चालतोय तोवर तिचा एक डाव टिपून ठेवतो, असं त्याने धाकट्या बहिणीला फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं. खेळाचं जुनं यंत्र बहिणीच्या माळ्यावर पडलेलं. पण त्याची हुबेहूब नक्कल करणारा एम्युलेटर कॉम्प्युटरवर असताना त्या डबड्याला कोण विचारतो?

सेकंदाला साठ चित्रं हवीत, एकही कमी नको, हा थोरल्याचा हट्ट. आणि पुलावर वटवाघळांची झुंड आली की म्हातारा चिखलातून चालल्यासारखा व्हायचा.

"तिथे दमतो रे तो," आईने सांगून पाहिलं. "मी तेवढ्यात बोटं मोकळी करून घेते."

"आई, तो दमत नाही. फ्रेम गळतायत."

"असेल बाबा," आई म्हणाली आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली.

त्याने रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर वळवलं. मागे चालणारे सगळे प्रोग्रॅम बंद केले. नवं ग्राफिक्स कार्ड आणलं. आपल्या लग्नाच्या व्हिडिओत नवऱ्याचं डोकंच कापलंय, तेव्हा हा काटेकोरपणा कुठे गेला होता, असं बायकोने जाता जाता विचारून घेतलं. आई दर रविवारी खेळत राहिली. माइक चालूच असायचा. ती म्हाताऱ्याला दटावायची, मेल्या उडी मार म्हणायची, खड्ड्यात पडलास तर तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवू म्हणून विचारायची. एका डावात तर तिने त्याला एकदाही न पाडता घरी पोचवलं आणि एकटीच इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. थोरल्याने पुलावरचा भाग तपासला आणि तोही डाव पुसला. ट्रायलच तर होती.

मग एका रविवारी आईच्या अंगठ्याने बटण दाबलंच जाईना.

"राहू दे आता," ती म्हणाली, आणि कंट्रोलर धुतलेल्या कपासारखा जपून बाजूला ठेवला.

बहीण भेटायला आली ती जुनं यंत्र घेऊनच. आईला निदान बघायला तरी मिळेल म्हणून. तिने ते टीव्हीला जोडलं आणि स्वतः खेळत पुलापर्यंत पोचली. वटवाघळं आली. म्हातारा चिखलातून चालू लागला.

थोरला खुर्चीतून उठला. "हेही बिघडलंय?"

"बिघडलंय कुठे? हा इथे पहिल्यापासून असाच," बहीण म्हणाली. "इतकी वटवाघळं एकदम झेपतच नाहीत या यंत्राला. सुट्टीत आपल्यासमोर खेळायची तेव्हा आई तेवढ्यात जाऊन गॅस बारीक करून यायची. विसरलास?"

म्हणजे नक्कल खरोखरच हुबेहूब होती. एम्युलेटरने म्हाताऱ्याचं दमणंसुद्धा इमानदारीने उतरवलं होतं.

थोरल्याने आईकडे पाहिलं. ती पडद्यात गुंगली होती. म्हाताऱ्याला आता दटावत नव्हती. आखडलेली बोटं मांडीवर नसलेली बटणं दाबत होती.

त्याने कॉम्प्युटर लावला. आईच्या नावाच्या फोल्डरमध्ये एकच व्हिडिओ उरला होता, नवं कार्ड बसवल्यावर नमुना म्हणून ठेवलेला. सेकंदाला पुरती साठ चित्रं, कुठेही अडखळत नव्हती. त्यात तो स्वतः खेळत होता आणि पुलाच्या अलीकडेच मेला होता.