तांब्याचे मोजे

"एकदा तरी मोजे काढ की गं," अण्णा म्हणायचे आणि प्रमिला खेकसायची, "माझ्या हातून जीव द्यायचाय का तुम्हाला?"

अपघातानंतर तिला बसवलेले हात खऱ्यासारखेच होते. ऊब, ओल, खरखर, सगळं त्यांना कळायचं. पण त्यांतून निघणाऱ्या लहरींनी अण्णांच्या छातीतला पेसमेकर बिथरायचा. म्हणून येवल्यातल्या ज्या मागावर जन्मभर पैठणी विणली, त्याच मागावर अण्णांनी तांब्याच्या तारेचं कापड विणलं आणि लेकीला हातमोजे शिवून दिले. लहरी आतच अडायच्या. तिला मात्र काहीही धरलं तरी तांबंच लागायचं.

"फार घट्ट विणलं बघ," ते हळहळायचे.

आज दुपारी अण्णांचा श्वास थांबला. डॉक्टरांनी पेसमेकर बंद केला आणि मान खाली घालून ते बाहेर गेले.

प्रमिलानं मोजे ओढून काढले. अण्णांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. बोटांवरचे घट्टे लागले, तारेनं कापल्याचे वण लागले.

"काढले बघा, अण्णा."

हात अजून कोमट होता. तिच्या नव्या हातांना उष्णतेतला केसाएवढा फरकही कळायचा. तो गार होत गेला, ते तिला शेवटपर्यंत कळत राहिलं.