मैनेचा भात

कावळा लगेच शिवला. सविताचा नवरा योगेश आईचा पिंड ठेवून दोन पावलं मागं सरतो न सरतो, तोच पंखांची फडफड झाली. "म्हातारी तृप्त होऊन गेली," असं म्हणत लोक घाटावर आपापल्या चपला शोधायला लागले. सविता मात्र जागची हलली नाही. तिच्या सासूची, चतुराबाईची, एक इच्छा राहून गेली होती. कावळ्याला काय कळतंय!

शेवटचे पंधरा दिवस चतुराबाईनं एकच धोशा लावला होता. "मैना दारात उभी हाय. सकाळपासून उपाशी हाय. तिला भात वाढ." दारात कुणीच नसायचं. चौऱ्याऐंशी वर्षांचं माणूस काहीबाही बोलायचंच, म्हणून पहिले दोन दिवस सगळ्यांनी कानाआड केलं. पण म्हातारी तोंडाशी आलेला घास हातानं बाजूला सारायची. "आधी मैना."

मग सवितानं मैना शोधायला घेतली. सासूच्या वयाचं आता गावात कुणी उरलं नव्हतं. अंबडच्या कंपनीतून शिफ्ट करून आलेल्या योगेशला विचारलं, तर त्याला वडिलांवरून थट्टा सुचली. "आमच्या आबांची जुनी ओळख असंल. गेले बिचारे, नायतर त्यांनाच विचारलं असतं." चतुराबाईच्या माहेरी फोन लावला. तिथल्या सुनेनं सांगितलं की या नावाचं आमच्यात कुणी नाही, आणि म्हातारीच्या भावाला, मामांना, तर फोनवर काही ऐकूच येत नाही. शेवटी घोटीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका मैनाबाईला सवितानं रिक्षात घालून आणलं. ती भली बाई, येताना केळी घेऊन आली. चतुराबाईनं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मान फिरवली.

"ही नाय. मैना बारकी हाय. लुगडं पायात येतंय तिच्या."

तेव्हापासून सविताला घराच्या दाराची भीती वाटायला लागली. रोज दुपारी ती ताटात वरणभात वाढून उंबऱ्याबाहेर ठेवायची. कोंबड्या तो फस्त करायच्या. आत येऊन ती सांगायची, "जेवली मैना."

"पोटभर?"

"पोटभर."

"मग झालं," म्हणून म्हातारी डोळे मिटायची. तिच्या पुढ्यातला घास तसाच राहायचा. डॉक्टर म्हणाले, या वयात भूक मरतेच, जबरदस्ती करू नका. सोळाव्या दिवशी सकाळी ती गेली.

म्हातारी गेली, पण दारातली पोर काही गेली नाही. सविताला ती दिसत नव्हती, तरी तिथं होती. केर काढताना सविता उंबऱ्याचा तेवढा कोपरा सोडून द्यायची. तिनं मनाशी ठरवलं होतं, दहाव्याला चार नातेवाईक जमतील, त्यात मैनेला ओळखणारं कुणीतरी निघेल. मैना जिवंत असली तर तिला पाटावर बसवून जेवू घालायचं. मेली असली तर तिच्या नावानं पान वाढायचं. त्याशिवाय सासूची सुटका नव्हती, आणि आपलीही.

सगळे घाटावरून घरी परतले, तोवर जीपमधून सावळीराममामा उतरले होते. चतुराबाईचे हे धाकटे भाऊ, ऐंशीचे. कंबर मोडल्यापासून वर्षभर अंथरुणावरच होते. दोघांनी काखेत हात घालून त्यांना फोटोपाशी आणलं. मामांनी हार जरा बाजूला सारला आणि काचेवर पालथा हात ठेवला.

"मैने," ते म्हणाले, "मला टाकून गेलीस का गं?"

पाणी द्यायला वाकलेल्या सवितानं तांब्या खाली ठेवला. मग त्यांच्या कानाशी जाऊन तिनं ओरडून विचारलं, "मामा, मैना कोण?"

"कोण म्हंजे? ही. माझी बहीण." मामांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "अकरा वर्साची होती लग्नात. इथं आणली आन् ताटात तांदूळ पसरून बामणानं त्यात नवं नाव काढलं. मी सात वर्साचा, पाठराखण म्हणून संगं आलो होतो. मला म्हणली, काय लिवलंय रं? मला तरी कुठं वाचता येत होतं! मग कुणीतरी सांगितलं, तू आता चतुरा. तिला वाटलं, नाव गेलं म्हंजे आता आपल्याला घरी कुणी ओळखायचं नाय. दाराच्या आत पाऊल टाकीना. दिवसभर उपाशी उभी राहिली तिथं, त्या एवढ्या मोठ्या लुगड्यात. सासू म्हणली, भूक लागली की येईल आपसूक."

"मग?"

"मग काय. आली."

सविता त्यांच्या पायाशी बसली. मोठ्यानं रडावं असं तिला वाटलं, पण घरात पंगत बसली होती. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझं काय नाव, पोरी?"

"सविता."

"ते इथलं. आईनं काय ठेवलं होतं?"

सविताला चटकन आठवेना. बावीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. आठवलं तेव्हा मामांना सांगायच्या आधी तिनं पंगतीत वाढणाऱ्या लेकीला, आरोहीला, हाक मारून जवळ बसवलं. आरोहीच्या हातात भाताचं पातेलं तसंच होतं.

"नीट ऐकून ठेव," सविता म्हणाली. "माझं पहिलं नाव मंदा. म्हातारपणी कधी मी 'मंदाला वाढ, मंदाला वाढ' करायला लागले, तर दारात ताट ठेवू नको. मला भरव."