ब्रशचं टोक

लेकीनं आणलेल्या खेळातल्या चिमुकल्या सैनिकांवर त्यानं आधी करडा प्रायमर मारला. नवखा हात, थर इतका जाड बसला की चेहरेच बुजले.

"बाबा, हे सैनिक आहेत की बटाटे?" लेक हसली. बायको गेल्यापासून घरात कुणी हसलं नव्हतं, म्हणून त्यानं नेटानं शिकायचं ठरवलं.

दुसऱ्या खेपेला चेहरे नीट उमटले. आता डोळे काढायचे होते, पण ब्रशचे केस सारखे पिंजारायचे. वैतागून तो ब्रश टाकून चहा करायला जायचा. परत येईपर्यंत ब्रशला सुईसारखं टोक आलेलं असायचं. ओलं.

"ब्रश तोंडात घालता ना? रंग पोटात जाईल."

"नाही गं, तुझी शपथ."

"आई दोरा ओवताना असंच टोक करायची. एकही दात नसलेल्या बोळक्या तोंडात धरून."

लेक तिच्या घरी परत गेल्यावर त्यानं पिंजारलेला ब्रश समोर धरला. "तूच असशील तर आत्ता कर."

ब्रश हलकेच ओढला गेला. केस हळूहळू एकत्र आले. त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं हात मागे घेतला.

ब्रश सुटेना. कुणीतरी तो दातांत धरला होता.