मेल्कीच्या बदल्यात तीन पोरं

"चोर आहेत! वर बसून खुर्च्या गरम करणारे, कोटवाले चोर! आमचा मेल्की उचलून राजधानीवाल्यांना देऊन टाकला. आणि बदल्यात आणलं काय? खालच्या लीगमधली तीन शेंबडी पोरं!"

क्रिस्पिनने फेमाबाईच्या दुकानातल्या फळीवर वर्तमानपत्र आपटलं. फ्रीजवरचा रेडिओ सकाळपासून हेच सांगत होता.

मेल्की म्हणजे बेसबॉलच्या शेवटच्या डावात चेंडू टाकायला येणारा पिचर. बाकीच्यांनी घाण करून ठेवली की हा यायचा आणि सामना वाचवून जायचा. गावचाच पोरगा. याच गल्लीत झाडूच्या दांड्याने खेळून मोठा झालेला.

"तेहेतीसचा झालाय तो," लिचो न्हावी म्हणाला. "खांद्याला बर्फ बांधून झोपतो. दोन वर्षांनी राजधानीवाल्यांच्या हाती काय उरणार? बर्फाचं पाणी."

"तू दाढ्या कर. बेसबॉल आम्ही बघतो."

साखर कारखान्यातला फिटर निकासिओ पेपरावर वाकला होता. "यातली दोन पोरं मी पाहिलीत. बरी आहेत. पण हा तिसरा कोण? 'वाय. रोसारिओ, पिचर, वय अठरा.' आपल्याच जिल्ह्यातला म्हणे."

"माझ्या वहीत नाही," क्रिस्पिन म्हणाला.

हे गंभीर होतं. कारखान्याच्या काट्यावर ऊस मोजण्यात त्याचा जन्म गेला. पण जिल्ह्यात लिंबू जरी कोणी जोरात फेकलं तरी त्या पोराचं नाव क्रिस्पिनच्या वहीत चढायचं.

"डावखुरा आहे. चांगला टाकतो," सलामी सॉसेजचे काप करता करता फेमाबाई म्हणाली.

तिघांच्या माना वळल्या. पेपरात डावखुरा लिहिलं नव्हतं. रेडिओही तसं काही बोलला नव्हता.

"तुला कोणी सांगितलं?"

"दुकान आहे बाबा. शंभर माणसं येतात, शंभर गोष्टी बोलतात."

क्रिस्पिन तिच्याकडे बघत राहिला. मागच्या आठवड्यापर्यंत मेल्कीसाठी सगळ्यात मोठ्याने ओरडणारी हीच. तांदळाच्या पोत्यांवर त्याचा फोटोही हिनेच लावलेला. आणि आज सौदा झाला तर हिच्या तोंडून एक शिवी नाही?

फेमाबाईने फ्रीजमधून मोठी बिअर काढली, तीन पेले मांडले. "घ्या. माझ्याकडून."

कोणी पेल्याला हात लावला नाही. या बाईने आजवर बर्फाचा खडासुद्धा फुकट दिलेला कोणाला आठवत नव्हता.

"लीगचा नियम आहे," क्रिस्पिन हळूच म्हणाला. "उद्या दुपारी बारापर्यंत हरकत घेता येते. तिघांतल्या एकाचाही कागद खोटा निघाला की सौदा रद्द. मेल्की परत आपल्याकडे."

"आणि त्या पोराचं काय?" फेमाबाईने विचारलं.

"त्याचं काय असणार? कायमचा बाहेर. पुन्हा कुठल्या मैदानावर उभं करणार नाहीत."

कागदावर वय चोरणं इथे कोणाला नवीन नव्हतं. निम्म्या पोरांचे दोन वाढदिवस, एक आईला ठाऊक असलेला आणि एक टीमला.

"अठरा कसला? बावीसचा असणार, लिहून देतो," क्रिस्पिन म्हणाला. "माझा भाचा लीगच्या ऑफिसात आहे. जन्मदाखल्याचा फोटो पाठवतोय आता."

फेमाबाईने सुरी खाली ठेवली. "कशाला पोराच्या मुळावर उठतोस? मेल्कीने मिळवायचं ते मिळवलं. याला एकदा उभं तरी राहू दे."

"टीमच्या ऑफिसवाल्यांनी काय चारलंय तुला?"

"क्रिस्पिन, तोंड सांभाळ," लिचो म्हणाला.

"का सांभाळू? आतली बातमी हिला आधी कळते! वर फुकट बिअर! अरे, डोळे उघडा, ही त्यांची माणूस आहे. आपण इथे बोलतो ते सगळं वर पोचतं."

निकासिओने पेला बोटाने दूर सारला. वीस वर्षं ज्या दुकानात ते उठले-बसले, तिथली बाई त्यांना एकदम परकी दिसायला लागली.

फेमाबाईने हात पुसले आणि रेडिओ बंद केला.

तेवढ्यात क्रिस्पिनचा फोन वाजला. त्याने चष्मा चढवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"शिक्का आहे. सही आहे." त्याचा आवाज पडला. "खरा दिसतोय."

"मग गेला मेल्की," निकासिओ म्हणाला.

"थांब, नाव तर वाचू दे. यादिएल... यादिएल रोसारिओ ग्वेर्रेरो. जन्म चौदा मार्च. आईचं नाव युफेमिया..."

पुढचं त्याच्याने वाचवेना. युफेमिया म्हणजे फेमाबाईच. लिचोने डोक्यावरची टोपी काढली.

दाखला खरा होता, नावही खरं होतं. आठ वर्षांपूर्वी डेंगीच्या साथीत त्या नावाची छोटी पांढरी पेटी या तिघांनीच खांद्यावरून कबरस्तानात नेली होती. चौथा खांदा मेल्कीचा होता.

"मेल्याची नोंद करायला माझे पाय उचललेच नाहीत," फेमाबाई म्हणाली. "कागद तसाच जिवंत राहिला. ऊसतोड मजुरांच्या वस्तीत एक पोरगं होतं. जन्मलं इथेच, पण बाप सीमेपलीकडचा, हैतीचा म्हणून त्याला दाखला कोणी देईना. मी माझ्या लेकाचा दिला. आता बोल, क्रिस्पिन. उद्या बाराच्या आत माझ्या यादिएलला दुसऱ्यांदा पुरणार आहेस का?"