कपाटातलं पेन
मधल्या सुट्टीत तिसरीतल्या ओजसनं मित्राच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी चाखली. त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. पाच मिनिटांत ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. वर्गशिक्षिका निवेदितानं त्याला उचलून थेट ऑफिसात आणलं. "मॅडम, ह्याच्या आईनं जूनमध्ये दिलेलं ॲड्रेनॅलिनच्या इंजेक्शनचं पेन काढा!" मुख्याध्यापिका सरला पागे फोन कानाला लावून उभ्या होत्या. "रुको, आधी आईला विचारते. आपण इंजेक्शन द्यायचं आणि कुछ हो गया तो?" तेवढ्यात ओजसचे ओठ निळे पडले. निवेदितानं स्वतःच कपाट उघडलं, पेनाचं टोपण ओढलं आणि पँटवरूनच ते त्याच्या मांडीत दाबून धरलं. शिपायाला ओरडून तिनं ॲम्ब्युलन्स बोलवायला लावली. काही मिनिटांनी ओजस खोकला आणि मोठ्यानं रडू लागला. दुपारी तुकोगंजच्या दवाखान्यातून आईचा फोन आला, तो बरा होता. सरलाताई मात्र तेव्हापासून खुर्चीतच बसून होत्या. "आधीच्या शाळेत अशीच एक मुलगी होती," त्या म्हणाल्या. "तेव्हाही मी फोनच लावत बसले होते. दवाखान्यात पोचायच्या आत गेली ती." निवेदिताच्या मनात आलं, आजही ह्या बाई फोनच लावत होत्या. सरलाताईंनी टेबलावरचं रिकामं पेन उचललं. ते निवेदितापुढे धरलं. "उद्या सगळ्या टीचर्सना शिकवू," त्या म्हणाल्या. "पण आधी मला शिकव. आत्ता."